निनेन, किनू

प्रेस्क आइल, मेन. मंगळवार, संध्याकाळचे साडेसहा.
बाहेर उणे अठरा.
सभागृहाच्या तळघरात बारा खुर्च्या, माणसं नऊ,
कॉफीचं एक भांडं, आणि एक टेपरेकॉर्डर
ज्याला ओडील लाबोब कुणालाच हात लावू देत नाही.

टेपमध्ये तिची मावशी आहे.
एकोणऐंशी सालच्या स्वयंपाकघरात बसून
ती मासे कसे खारवायचे ते सांगते,
मध्येच खोकते, कुत्र्याला हाकलते.
कुत्र्याला हाकलायचा तो शब्द
ओडीलला बासष्टाव्या वर्षी कळला.
"शाळेत तिच्या तोंडात साबण कोंबायचे,"
ती सांगते, उद्याचं हवामान सांगावं तसं,
"म्हणून तिनं आम्हाला भाषा दिली नाही.
कुत्र्यांशी मात्र बोलायची."

मी इथे बटाट्यांची माती तपासतो.
काढणीला अजून शाळा बंद ठेवणारी गावं आहेत ही.
ओडीलचे आईबाप सरहद्दीपलीकडून यायचे,
वाकून वाकून हेच मळे वेचायचे,
ॲशचं लाकूड ठोकून सोललेल्या पट्ट्यांच्या
स्वतः विणलेल्या टोपल्यांत.
पहिल्या तासाला तिनं फळ्यावर एक ओबडधोबड गोळा काढला
आणि म्हणाली: तपाटात.
मला हसू आलं. सगळे वळून बघायला लागले.
म्हटलं, आमच्याकडे बटाटा.
कुठल्याशा गलबतातून उतरून
दोघेही नव्या गावी नाव बदलून राहिलेले.
"म्हणजे तू पाहुणा नाहीस," अकरा वर्षांचा टायरस म्हणाला,
"बटाट्याकडून नातेवाईक."

तिसऱ्या मंगळवारी ओडीलनं दोन शब्द लिहिले.
इंग्रजीतला 'वुई' एकच, पोत्यासारखा,
कोण आत आहे, कोण बाहेर, काही कळत नाही.
इथे मात्र
निनेन: तुला सोडून.
किनू: तुला धरून.
मुलं गोंधळली. मागचे आजोबा चष्मा पुसत राहिले.
मला कुणी समजवावं लागलं नाही.
आम्ही. आपण.
चौदा वर्षांत पहिल्यांदाच
या देशातलं काहीतरी
मला घरूनच येत होतं.

मग सराव. ओडील बोट फिरवत गेली, निनेन, निनेन,
आणि माझ्या अलीकडे थांबली.
वाईट नाही वाटलं. बरोबरच होतं ते,
व्याकरणानं.

त्या रात्री घरी मृण्मयी म्हणाली,
"बाबा, आम्ही जेवायला बसायचं का?"
ती नेहमी तसंच म्हणते.
तिच्या तोंडात कुणी साबण कोंबला नव्हता.
नुसतं सुधारायचं राहून गेलं,
आज नको, उद्या बघू, असं रोज थोडं थोडं.

फेब्रुवारीत एकदा बायकोची रात्रपाळी होती,
मृण्मयीला वर्गावर नेलं. निघताना माझी गाडी
बर्फात रुतली. आठ जण मागे लागले,
आजोबांनी फक्त सूचना दिल्या.
जोर लावताना ओरडायला टायरसला क्रियापद आठवेना,
म्हणून तो कुत्र्याचा शब्द ओरडला.
मग सगळेच ओरडले, मीसुद्धा, मृण्मयी काचेआडून,
आणि एक जुनी टोयोटा
हाकलल्यासारखी पुढे गेली.
ओडील बर्फातच बसली हसत, डोळे पुशीत.
मग बाईच ती, उठून विचारलं, "गाडी कुणी काढली?
वाक्यात सांगा."
टायरसनं माझ्याकडे पाहिलं. वेळ घेतला.
त्याचं उत्तर वाऱ्यात मला नीट ऐकू आलं नाही.

घरी जिन्यात शेजाऱ्यांचं मांजर आडवं बसलेलं.
मृण्मयीनं तोच शब्द वापरला. मांजर हललं नाही.
मी तिचा उच्चार सुधारला.
आणि ताटं मांडताना,
इतक्या वर्षांनी,
ते दुसरंही.